हिरड्यांतून रक्त येत नाही, म्हणून व्हेप निर्धोक?

सध्या व्हॉट्सॲपवर आणि रील्समध्ये व्हेपबद्दल, म्हणजे ई-सिगारेटबद्दल, एक मजकूर जोरात फिरतोय. थोडक्यात असा: ‘व्हेप म्हणजे नुसती पाण्याची वाफ. टार नाही, त्यामुळे दात पिवळे पडत नाहीत. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येत नाही, म्हणजे हिरड्या ठणठणीत. फ्लेवर खाण्यातलेच असतात. निकोटीन नको असेल तर झिरो घ्या. आणि ब्रिटनच्या सरकारनेच हे 95 टक्के सुरक्षित ठरवलंय.’ माझ्या दातांच्या दवाखान्यात खुर्चीवर बसलेली कॉलेजची मुलं हीच वाक्यं मला जशीच्या तशी ऐकवतात, आणि त्यांचा त्यावर खरोखर विश्वास असतो. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहिते आहे.

सुरुवात रक्तापासून करते, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्या वाक्याने होतं.

निरोगी हिरडीतून रक्त येत नाही, हे बरोबर. पण रक्त येत नाही म्हणजे हिरडी निरोगी, हा उलटा हिशेब निकोटीन घेणाऱ्याच्या बाबतीत लागू पडत नाही. निकोटीनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात. हिरडीला आतून दाह होत असला तरी लाली, सूज आणि रक्त ही नेहमीची लक्षणं दबून राहतात. सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये हे आम्ही वर्षानुवर्षं पाहत आलो आहोत: दातांभोवतीचं हाड झिजलेलं असतं, आणि पेशंट सांगतो की मला कधी रक्त आलंच नाही. सिगारेट सोडल्यावर काही आठवड्यांत अनेकांच्या हिरड्यांतून उलट जास्त रक्त यायला लागतं. हिरडीचा रक्तपुरवठा पूर्वपदावर येत असल्याची ती खूण असते, पण माणूस घाबरतो आणि पुन्हा ओढायला लागतो. निकोटीनचा व्हेप घेणाऱ्यांच्या तपासण्यांतही रक्त कमी येतं असंच आढळलं आहे.

म्हणून आम्ही नुसत्या रक्तावर विसंबत नाही, मोजून बघतो. बोथट टोकाची, मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक सळई असते. ती दात आणि हिरडीच्या मधल्या फटीत अलगद सरकवायची. एकेका दाताभोवती सहा ठिकाणी. एक ते तीन मिलिमीटर आत गेली तर चिंता नाही. पाच-सहा मिलिमीटर गेली, तर हिरडीने दाताला सोडलंय आणि खालचं हाड खाली सरकायला लागलंय असं समजायचं. वरून ती हिरडी चांगली गुलाबी दिसते. पेशंटला फारसं दुखतही नाही, आणि नेमकं त्यामुळेच दात हलायला लागेपर्यंत तो आमच्याकडे फिरकत नाही. झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही. उपचाराने बहुतेक वेळा झीज थांबवता येते, तेवढंच.

आता ‘पाण्याची वाफ’. पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळतं. व्हेपच्या लिक्विडमध्ये मुख्यतः प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असतं. त्यातलं पहिलं उकळतं 188 अंशांना, दुसरं 290 अंशांना. व्हेपमधली तापणारी तार, म्हणजे कॉइल, इतकी तापते ती यांच्यासाठी. तोंडात जातात ते या द्रवांचे अतिसूक्ष्म थेंब, आणि तापताना त्यांतून फॉर्माल्डिहाइड, ॲक्रोलीनसारखी दाहक रसायनंही तयार होतात. सिगारेटच्या धुरापेक्षा घातक द्रव्यं संख्येने आणि प्रमाणाने पुष्कळ कमी, हे मी नाकारत नाही. पण त्याला पाणी म्हणणं साफ खोटं आहे.

प्रॉपिलीन ग्लायकॉल आसपासचा ओलावा शोषून घेतं. व्हेप घेणारे अनेकजण तोंड कोरडं पडल्याची तक्रार करतात ती यामुळे. लोक याला किरकोळ त्रास समजतात. दातांचं खरं संरक्षण लाळ करते. जेवल्यावर, चहा घेतल्यावर तोंडात आम्ल वाढतं. पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की इनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, विरघळायला लागतं. लाळ ते आम्ल निवळवते आणि दाताला कॅल्शियम, फॉस्फेट परत देते. सिगारेट ओढून संपते तरी. व्हेप मात्र लेक्चरच्या मधे, बसमध्ये, अभ्यास करताना, झोपताना उशाशी असा दिवसभर थोडा थोडा चालू असतो. लाळेला सावरायला उसंतच मिळत नाही.

फ्लेवरचं म्हणाल तर एखादा पदार्थ गिळायला सुरक्षित ठरला म्हणून तो तापवून ओढायला सुरक्षित ठरत नाही. पचनसंस्था वेगळी, हिरडीची नाजूक त्वचा वेगळी. रॉचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये प्रयोगशाळेत हिरडीच्या पेशींवर व्हेपचे झोत सोडून पाहिले. पेशींमध्ये दाह वाढला, आणि काही फ्लेवरमुळे तो आणखी वाढला. गोड फ्लेवरचा प्रश्न दातांशीही आहे. 2018 च्या एका अभ्यासात इनॅमलवर गोड फ्लेवरच्या व्हेपचा मारा केल्यावर जंतू चौपट चिकटले आणि इनॅमलचा कठीणपणा 27 टक्क्यांपर्यंत घटला. तुलना बिनफ्लेवरच्या लिक्विडशी होती. हे प्रयोगशाळेतले आकडे आहेत. माणसाच्या तोंडात लाळ असते, ब्रश असतो, म्हणून ते जसेच्या तसे लावू नयेत. पण दिशा स्पष्ट आहे. लिक्विड मुळात दाट आणि चिकट, त्यात गोडी घातलेली. दाढांच्या खाचांत ते बसून राहतं.

प्रत्यक्ष पेशंटकडे वळू. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या दंत महाविद्यालयाने 2019 ते 2022 मधल्या 13,000 हून अधिक पेशंटच्या नोंदी तपासल्या. व्हेप घेणाऱ्यांपैकी सुमारे 79 टक्के लोक कीड लागण्याचा धोका जास्त असलेल्या गटात होते. न घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे 60 टक्के. त्या नोंदींत व्हेप घेणारे एक टक्क्याहूनही कमी होते, आणि कीड व्हेपमुळेच लागली असं एवढ्यावरून सिद्ध होत नाही, हेही सांगायला हवं. तरी हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. त्यामुळे ‘पिवळे पडत नाहीत’ यावर माझं उत्तर साधं आहे: डाग कमी पडतात, हे खरं. डाग आम्ही अर्ध्या तासात काढून देतो. कीड आणि हिरडीखालची झीज रंगावरून कळत नाही.

‘झिरो निकोटीन’वर ओहायो स्टेट विद्यापीठात पूर्णिमा कुमार आणि सहकाऱ्यांनी केलेलं काम वाचण्यासारखं आहे. ते 2020 मध्ये प्रसिद्ध झालं. तोंडाचा कोणताही उघड आजार नसलेल्या 123 जणांच्या हिरडीखालचे जंतू त्यांनी तपासले. व्हेप घेणाऱ्यांमध्ये, काहींनी तर वर्षसुद्धा पूर्ण केलं नव्हतं, जंतूंची वस्ती हिरड्यांचा गंभीर आजार झालेल्या माणसाच्या वस्तीसारखी दिसू लागली होती. लिक्विडमध्ये निकोटीन असो वा नसो, बदल होताच. न्यूयॉर्क विद्यापीठाने 2022 मध्ये सहा महिन्यांच्या अंतराने त्याच माणसांना दोनदा तपासलं, तेव्हाही व्हेप घेणाऱ्यांच्या तोंडातली जंतूंची रचना वेगळी, सिगारेटवाल्यांच्या काहीशी जवळची निघाली.

शिवाय पॅकवर झिरो लिहिलंय म्हणून आत झिरोच असेल, याची खात्री कोण देणार? अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियामक संस्थेने, 2009 मध्ये ‘निकोटीन नाही’ लिहिलेली व्हेपची काडतुसं (लिक्विड भरलेल्या नळ्या) तपासली, तर एक सोडून सगळ्यांत निकोटीन सापडलं. आपल्याकडे 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात सगळ्यावर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्यात विक्रेत्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे इथे हातात पडणारा प्रत्येक पॉड (व्हेपची लिक्विड भरलेली डबी) चोरट्या वाटेने आलेला. त्यात काय भरलंय ते कुणीही तपासलेलं नाही.

राहिले 95 टक्के. हा आकडा पब्लिक हेल्थ इंग्लंड या तिथल्या तेव्हाच्या सरकारी आरोग्य संस्थेच्या 2015 च्या अहवालातला. त्याचं मूळ 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तज्ज्ञगटाच्या अंदाजात आहे. वेगवेगळ्या निकोटीन उत्पादनांना त्यांनी एकूण हानीचे गुण दिले. दात-हिरड्यांसाठी त्यात वेगळा निकष नव्हता. आणि तुलना सिगारेटशी होती. काहीच न ओढणाऱ्याशी नव्हती. तिथली आरोग्ययंत्रणा आजही सांगते की सिगारेट ओढत नसाल तर व्हेप सुरू करू नका. सिगारेट सोडवायला निकोटीनचा व्हेप उपयोगी पडतो याला चांगला पुरावा आहे, आणि रोज पाकीटभर ओढणारा ब्रिटिश माणूस पूर्णपणे व्हेपवर गेला तर त्याचा फायदाच आहे.

पण हा युक्तिवाद महाराष्ट्रात आणून काय उपयोग? 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले 3.8 टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले, आणि बिनधुराचा तंबाखू घेणारे 24.4 टक्के. आपला मुख्य प्रश्न गुटखा, खर्रा, मावा आणि मिश्रीचा आहे. माझ्यासमोर बसणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांनी सिगारेट कधी धरलेलीच नसते. ती सिगारेटवरून व्हेपवर आलेली नाहीत, शून्यावरून आलेली आहेत. त्यांच्यासाठी 95 टक्क्यांचा आकडा निरर्थक आहे.

व्हेप घेत असाल तर दंतवैद्याला स्पष्ट सांगा. आम्ही घरी फोन करत नाही. नुसतं स्केलिंग, म्हणजे दातांवरचा थर काढणं, करून परत येऊ नका. हिरड्यांची मापं घ्यायला सांगा, गरज असेल तर एक्स-रे काढा, आणि सहा महिन्यांनी तीच मापं पुन्हा घेऊन ताडून बघा. सोडायला मदत हवी असेल तर केंद्र सरकारची 1800-112-356 ही मोफत सेवा आहे. गुटखा, मिश्री सोडू पाहणाऱ्यांसाठीही हाच नंबर.