मावशी, टाकीत मोरचूद नव्हतं

‘पाण्या तुझा रंग कसा? ज्यात मिसळावं तसा!’ अशी झोकात सुरुवात आणि शेवटी ‘निदान दहा जणांना पाठवा’. मधे चार-पाच मुद्दे. हा मेसेज गेले दोन महिने फिरतोय आणि मी तो न वाचताच उडवत होते. पण गेल्या आठवड्यात तो वाचून माझ्या मावशीने सोसायटीची जमिनीखालची टाकी उपसायला लावली. ऐन मे महिन्यात! पाणी गटारात गेलं, वर टँकरचा खर्च. आता गप्प बसवत नाही.

मेसेज म्हणतो, शुद्ध पाण्याला रंग नसतोच, त्यामुळे टाकीतलं पाणी निळसर दिसलं तर कुणीतरी मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकलंय, ताबडतोब ओतून द्या. मावशीच्या टाकीला आतून पांढऱ्या टाइल्स, खोली दोन मीटर. निळसर दिसणारच की! रविवारी भर दुपारी मी तिला झाकणाशी उभं केलं, एक पांढरी बशी दोरीला बांधली आणि खाली सोडली. पाण्याच्या वर पांढरीशुभ्र. तळाशी गेल्यावर तीच बशी नीळ दिलेल्या कपड्यासारखी. आणि हे पाणी टँकरचं होतं, नवं भरलेलं. मावशी म्हणाली, “मग टँकरवाल्यानेही टाकलं असेल.” घ्या!

पाण्याला स्वतःचा रंग आहे. फिकट निळा. पाण्याच्या रेणूतले हायड्रोजन-ऑक्सिजनचे बंध सतत थरथरत असतात आणि त्या थरथरीपायी लाल प्रकाश थोडा थोडा शोषला जातो. ग्लासभर पाण्यात ते कळत नाही. पण ३ मीटर पाण्यातून जाताना ७०० नॅनोमीटरचा लाल प्रकाश जेमतेम सहावा-सातवा हिस्सा उरतो, निळा मात्र जवळजवळ सगळा पार होतो. अलिबागजवळ थळला जड पाणी बनवतात. त्यात साध्या हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन असतो, थरथर मंदावते, शोषण डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त भागात सरकतं आणि निळेपणा जातो. यात मोरचूद कुठे आलं?

एक कबूल करते. मोरचुदाने पाणी निळं होतं, द्राक्षबागायतदाराला विचारा. ग्लासात किंवा बादलीतही निळं दिसलं तर तोंडाला लावू नका. पण मेसेजमध्ये ग्लासाचं नावही नाही.

मेसेजचा पुढचा मुद्दा: समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब. डिसेंबरात जुहूला जा. वर निळंभोर आकाश, खाली मातकट पाणी. प्रतिबिंब असतं, पृष्ठभागावर, तेवढं खरं. पण सगळं श्रेय त्याला देणाऱ्या ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांचं म्हणणं सी. व्ही. रामन यांनी १९२१ सालीच खोडलं. इंग्लंडहून मुंबईला परतताना ‘नारकुंडा’ बोटीवर त्यांनी निकोल प्रिझमने (परावर्तित प्रकाश गाळणाऱ्या स्फटिकाने) पृष्ठभागावरची चमक काढून टाकली, तर भूमध्य समुद्र आणखीच निळा दिसला. ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेला पाठवलेल्या त्यांच्या पत्रावर मुंबई बंदराचा पत्ता आहे. रामन यांनी कारण म्हणून पाण्यात प्रकाश विखुरण्यावर (विकिरणावर) भर दिला, शोषणाचा वाटा मोठा हे पुढे स्पष्ट झालं. पण प्रतिबिंबाची गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच निकालात निघाली, आणि तीही आपल्या माणसाच्या हातून!

सगळ्यात वाईट मुद्दा मात्र हा: ‘नितळ पाणी उकळायची गरज नाही.’ कॉलऱ्याचे जंतू डोळ्यांना दिसतात का? यवतमाळ, चंद्रपूरकडच्या कित्येक गावांत बोअरचं पाणी काचेसारखं असतं आणि त्यातल्या फ्लोराइडने पोरांचे दात तपकिरी पडतात, मोठ्यांची हाडं वाकतात. फ्लोराइड तर उकळूनही जात नाही, पाणी तपासूनच घ्यावं लागतं. नितळपणा बघून पाणी पास करणाऱ्याने हा मेसेज लिहिलाय, आणि लोक तो नातवंडांच्या काळजीपोटी पुढे ढकलतायत.

राहिली मेसेजमधली, निळ्या बाटलीत भरून उन्हात ठेवलेल्या पाण्याने बीपी उतरण्याची गोष्ट. बाटली निळी, पाणी तेच. मावशी, गोळी बंद करू नकोस.