‘एका ओळीत ऑब्जेक्ट’ हा सल्ला जसाच्या तसा उचलू नका

जावास्क्रिप्ट शिकणाऱ्यांत एक सल्ला सतत फिरत असतो. ‘नाव:सई’, ‘वेळ:१०:३०’ अशा स्ट्रिंग्जचा (मजकुराच्या तुकड्यांचा) अ‍ॅरे (यादी) आहे? मॅप लावा, म्हणजे प्रत्येक स्ट्रिंगवर तेच काम करा: ती कोलनवर स्प्लिट करा (तोडा), आलेलं ऑब्जेक्ट.फ्रॉमएंट्रीजला द्या. ते त्या जोड्यांचं एक ऑब्जेक्ट बनवतं: ‘नाव’ ही की, ‘सई’ ही तिची व्हॅल्यू. एका ओळीत काम फत्ते! फ्रॉमएंट्रीज २०१९ पासून भाषेत आहे आणि मीही ते रोज वापरतो. माझा आक्षेप आपण त्याच्या हाती काय देतो याला आहे. या सल्ल्यासोबत येणारे दावे एकेक करून बघू. (इथले अंक कोडमध्ये इंग्रजी आहेत असं धरा.)

‘स्प्लिट केल्यावर की आणि व्हॅल्यू मिळते.’ ‘वेळ:१०:३०’चे तीन तुकडे होतात. फ्रॉमएंट्रीज पहिले दोनच बघतं, त्यामुळे वेळ उरते ‘१०’. एरर येत नाही, काही नाही. अर्धा तास गायब. वेबपत्त्यातही कोलन असतो, तिथेही हेच. यावर ‘स्प्लिटला २ ची मर्यादा द्या’ असं सांगतात. पायथॉनमधून आलेले इथे हमखास फसतात: पायथॉन उरलेला मजकूर शेवटच्या तुकड्यात ठेवतं, जावास्क्रिप्ट तो टाकून देतं. त्यापेक्षा इंडेक्सऑफने पहिला कोलन शोधा. अलीकडची ती की, पलीकडची ती व्हॅल्यू. कोलनच नसेल तर -१ येतं, ते आधी तपासा, नाहीतर तुकडा काढून देणारं स्लाइस कीचं शेपूट (शेवटचं अक्षर) कापून टाकतं.

‘आकडे नंतर नंबरने (स्ट्रिंगचा आकडा करणाऱ्या फंक्शनने) करून घ्या.’ सरसकट केलंत तर मुंबईचा एसटीडी कोड ०२२ चा २२ होतो. रिकामी व्हॅल्यू शून्य होते, म्हणजे भरलंच नाही आणि शून्य भरलं यातला फरक संपला. आणि कुणी मराठी कीबोर्डवरून देवनागरीत ‘१२’ टाकलं तर हाती येतं नॅन (म्हणजे ‘हा आकडा नाही’), कारण नंबरला आपले अंक वाचताच येत नाहीत. मराठी फॉर्म बनवणाऱ्यांनो, हे एकदा स्वतः टाकून बघाच. कुठल्या कीचा आकडा करायचा आणि कुठली स्ट्रिंगच ठेवायची, हे आधी ठरवून लिहा.

‘क्रम तसाच राहतो.’ की ‘१०’, ‘२’, ‘७’ असतील तर ऑब्जेक्ट त्या २, ७, १० अशा लावतो. एकच की दोनदा आली तर शेवटचीच व्हॅल्यू टिकते.

‘मग रिड्यूस आणि स्प्रेड वापरा.’ म्हणजे यादीतला एकेक घटक घेत, आधीचं सगळं नव्या ऑब्जेक्टमध्ये पसरून त्यात भर टाकत जायचं. प्रत्येक फेरीला जमलेला अख्खा ऑब्जेक्ट पुन्हा कॉपी होतो. १० हजार वेगळ्या की असतील तर सुमारे ५ कोटी व्हॅल्यू कॉपी होतात. तिथे साधा फॉर लूप लिहा.