तीस व्हयनात ना!

चाळीसगावचं लग्नघर. आहेराच्या साड्यांची बॅग, तिला तीन चाकांचं नंबर लॉक, आणि कुलूप उघडं असताना भाच्यानं बाजूची बारीक कळ दाबून चाकं फिरवलेली. असं केलं की समोर येईल तो नवा नंबर. पोरगं एवढंच सांगतं, ‘तिन्ही आकडे वेगळे होते.’

तेवढ्यात मामा आले. नवरदेवाचे मामा, म्हणजे त्या दिवशी ज्यांचं खोडून काढायचं नाही असे. ‘तीन चाके, एकेकवर दहा आकडा. तीस व्हयनात ना भो! कसाले घाबरस?’

म्हटलं, मामा, पहिल्याच्या दर आकड्यासोबत दुसऱ्याचे दहाही येतात, ते शंभर; त्या शंभरातल्या प्रत्येकासोबत तिसऱ्याचे दहा. हजार होतात.

मामांनी पानाला चुना लावला. ‘चाके कितला?’ तीन. ‘आकडा?’ दहा. ‘मंग?’ सगळी खोली म्हणाली, तीस.

मी हरलो नाही. म्हटलं, तीन सदरे आणि दोन धोतरं असली तर जोड्या किती, पाच की सहा?

‘मी तं एकच धोतर नेसस.’

उदाहरण बाद. तीन एके तीन, आणि वर सगळे हसले ते वेगळंच.

याच तालुक्यात पाटणादेवीजवळ 1207 सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याची त्यात नोंद आहे. त्या ग्रंथांतल्या लीलावतीत अंकपाश नावाचं प्रकरणच आहे: शंकराचे दहा हात, दहा वस्तू, हातांतली अदलाबदल किती प्रकारे? 36,28,800. विष्णूच्या चार हातांना 24. आठशे वर्षांपूर्वी मठ निघाला, आणि तालुका अजून बेरीजच करतोय.

तिन्ही आकडे वेगळे म्हणजे पहिल्याला दहा, दुसऱ्याला नऊ, तिसऱ्याला आठ: 720. उरलेले 280 चाक फिरताना वाटेत लागतातच, तिथे कुलूप ओढून पाहायचं नाही इतकंच. शेवटचं चाक एकेक घर पुढे न्यायचं; दहा झाले की मधलं एक घर सरकवायचं आणि शेवटचं आहे तिथूनच पुढे चालू. नवानंतर शून्य येतंच, परत मागे न्यायला नको. ताण द्यायचा तो चाक घरात नीट बसल्यावरच. फिरवताना ओढलं की ते अर्ध्यात अडकतं आणि बरोबर नंबरही हुकतो. एका नंबराला दोन सेकंद धरले तर जास्तीत जास्त चोवीस मिनिटं. पण चोवीस मिनिटं लग्नघरात कुणाला निवांत बसू देतात का?

मामांनी आपले तीस केले. प्रत्येक चाक दहादा, बाकीची दोन आपापल्या जागी. मग निकाल: ‘कुलूपच खराब शे.’ खिशातलं बॉलपेन काढलं, चेनच्या दातांत खुपसलं, चेन फाकली. टाळ्या.

फाकलेली चेन रनर मागेपुढे ओढून परत बसवता येते. रनर मात्र कुलपात अडकलेला, म्हणून बॅग तोंड उघडं टाकून पडली. परतताना तिला सुतळी बांधली, आणि गाडीत शेजारचा विचारतो, एवढं नंबर लॉक असताना सुतळी कशाला?