समुद्रफूल ही ‘समुद्रातली लाजाळू’ नव्हे

सलग सुट्ट्या आल्या, की पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर कोकणाच्या फोटोंबरोबर हा मजकूर फिरू लागतो: ‘समुद्रफूल म्हणजे समुद्रातली लाजाळू. खडकात मुळं धरून एका जागी वाढते. मेंदू नाही, काही कळत नाही, बिनधास्त बोट लावा. घरच्या टाकीतही सहज जगते, क्लाउनफिश तिला भरवतो.’ यातलं मेंदूचं तेवढं खरं.

समुद्रफूल हा प्राणी आहे, जेलीफिश आणि प्रवाळांच्या गोतातला, आणि तोही शिकारी. पाकळ्या दिसतात ती शुंडकं, म्हणजे भक्ष्य धरायचे लवचिक अवयव. त्यांवरच्या दंशपेशींत पोकळ दोरा गुंडाळलेला असतो. कोळंबी किंवा छोटा मासा टेकला, की तो सुटतो आणि विष टोचतो. मग भक्ष्य तोंडात. उत्सर्जनाचा मार्गही तेच तोंड.

मुळं नाहीतच. तळाशी चकतीसारखा पाय असतो, त्यावर ते हळूहळू सरकतं. स्टॉम्फिया नावाचं समुद्रफूल तर ठरावीक तारामासा टेकताच खडक सोडून पोहत निघतं. सगळ्यात थक्क करतं ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं अँथोप्ल्युरा एलिगँटिसिमा. एकाचे दोन होत त्याची वसाहत पसरते. आपल्या वसाहतीतल्यांना ते काही करत नाही, पण शेजारच्या वसाहतीतलं भेटलं की खास फुगीर दंशगाठींनी मारतं. त्या गाठींची डंखांनी भरलेली साल शत्रूच्या अंगाला चिकटून राहते. दोन वसाहतींमध्ये खडकाचा मोकळा पट्टा उरतो. वनस्पती असं लढते का?

मेंदू नाही, पण चेतापेशींचं जाळं अंगभर आहे. स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबुर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ साली दाखवलं, की नेमाटोस्टेला हे छोटं समुद्रफूल प्रकाश आणि विजेचा सौम्य झटका यांची सांगड घालतं. नंतर नुसता प्रकाश पडला तरी अंग आक्रसतं. ‘काही कळत नाही’ म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

बोट लावण्याबद्दल. ओहोटीत उघड्या पडलेल्या खडकावर ते मिटून पोटात पाणी धरून ठेवतं. दाबलंत तर ते पाणी पिचकारीसारखं बाहेर पडतं, आणि भरती येईपर्यंत त्याला उन्हात तसंच तगावं लागतं. कृपा करून लांबूनच बघा.

टाकीचा दावा मला सर्वांत घातक वाटतो. स्कॉटलंडमध्ये निसर्गअभ्यासक सर जॉन डॅलिएल यांनी १८२८ साली किनाऱ्यावरून आणलेलं समुद्रफूल १८८७ पर्यंत बरणीत जगलं, हे खरं. पण त्याला समुद्राचं ताजं पाणी नेमानं मिळत होतं. क्लाउनफिशला आसरा देणाऱ्या, हजारावर जातींपैकी जेमतेम दहा, समुद्रफुलांची गोष्ट आणखी अवघड. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि बरंचसं अन्न तेच बनवतं. माशाची विष्ठा शैवालाला खत पुरवते, पण प्रखर प्रकाशाची जागा मासा घेऊ शकत नाही. प्रकाश कमी पडला किंवा पाणी तापलं, की शैवाल जातं आणि समुद्रफूल पांढरं पडून उपासमारीला लागतं. दुकानात ‘स्पेशल व्हाइट’ म्हणून दाखवतात ते बहुधा असंच असतं. क्लाउनफिश पाळायचाच असेल, तर टाकीत पैदास झालेला घ्या. तो समुद्रफुलाशिवाय नीट जगतो.