सगळेच अ‍ॅडमिनिस्ट्रेटर

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. ती चीनच्या हॅकरांनी घालवली की इथल्याच कोणाच्या चुकीने गेली, हा वाद आमच्या इंजिनिअरिंगच्या बॅचच्या ग्रुपवर अजून मिटलेला नाही. राज्यात कुठेही मोठा फॉल्ट झाला की कोणीतरी तो उकरून काढतंच. १ मार्च २०२१ ला तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबरच्या प्राथमिक अहवालाच्या आधारे घातपाताची शक्यता बोलून दाखवली. एमएसईबीच्या सर्व्हरमध्ये १४ ट्रोजन, म्हणजे सोंग घेऊन येणारे घातक प्रोग्राम, शिरले असावेत, असं त्यात होतं. लगेच दुसऱ्या दिवशी केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, मानवी चूक. ज्या अमेरिकी कंपनीच्या अहवालावरून चीनचं नाव पुढे आलं, त्या रेकॉर्डेड फ्युचरने स्वतःच लिहिलं होतं की मुंबईच्या घटनेशी दुवा सिद्ध झालेला नाही. पण तेवढं वाचायला सवड कोणाला? ग्रुपमध्ये दोन तट पडले ते पडलेच.

मी न्यूरेंबर्गजवळ राहतो आणि कारखान्यांच्या कंट्रोल सिस्टिमवर काम करतो. इथून बघताना मला हे दोन्ही तट एकाच माळेचे मणी वाटतात. चीन म्हटलं की आपल्या हातात काही उरत नाही, आणि मानवी चूक म्हटलं की एखाद्या शिफ्टवाल्याच्या माथी मारून मोकळं होता येतं. कंट्रोल रूममधल्या कुठल्या संगणकावर कोणाला काय काय करायची मुभा असते, याकडे दोघंही वळत नाहीत. आमच्या धंद्यात खरी मेख तिथेच असते.

प्रिव्हिलेज एस्कलेशन, म्हणजे दिलेल्यापेक्षा वरचे अधिकार मिळवणं, हा शब्द ऐकायला जड, पण प्रकार साधा आहे. ओसरीवर बसायची परवानगी असलेला माणूस कोणाला न विचारता थेट कोठीच्या खोलीत पोचला, तर वाड्याच्या रचनेतच खोट आहे म्हणायची. कारखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये अशा खोटी दर महिन्याला सापडतात. अशी सॉफ्टवेअर बनवणारी जर्मन कंपनी सीमेन्स आपल्या त्रुटी महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी जाहीर करते, मायक्रोसॉफ्टच्याच दिवशी. त्या यादीत हा प्रकार इतका नेहमीचा असतो की आम्ही जांभई देत वाचतो.

जून २०२० मधली एक त्रुटी बघा, त्रुटींच्या जागतिक यादीत तिचा क्रमांक सीव्हीई-२०२०-७५८०. स्टेप ७, विनसीसी, पीसीएस ७ अशा सीमेन्सच्या डझनावारी सॉफ्टवेअरमध्ये वापरलेला एक सामाईक भाग अधूनमधून एक छोटा मदतनीस प्रोग्राम चालवायचा, तोही ‘सिस्टिम’ या विंडोजमधल्या सर्वोच्च अधिकाराने. चालवताना त्या प्रोग्रामचा पत्ता अवतरणचिन्हांत लिहिलेला नव्हता. बस, एवढंच. पत्त्यात ‘प्रोग्राम फाइल्स’ असे जागा सोडून लिहिलेले दोन शब्द आले की अवतरणचिन्हांशिवाय विंडोजचा गोंधळ होतो. ते आधी सी ड्राइव्हच्या तोंडाशीच ‘प्रोग्राम’ नावाची फाइल आहे का ते बघतं. तिथे कोणी त्या नावाची स्वतःची फाइल ठेवली असेल, तर तीच सर्वोच्च अधिकाराने चालते. दोन अवतरणचिन्हं विसरली, एवढाच काय तो गुन्हा.

या त्रुटीला गंभीरतेचे दहापैकी ६.७ गुण मिळाले, म्हणजे मध्यम. कारण हल्लेखोराकडे त्या संगणकावर आधीच अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार हवेत, अशी अट होती. कागदावर अट दिलासा देणारी आहे. आता हा कागद घेऊन चाकणच्या, अंबडच्या किंवा वाळूजच्या एखाद्या शॉप फ्लोअरवर जा. स्काडाच्या, म्हणजे अख्ख्या प्लँटवर नजर ठेवून तो चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, पीसीवर तिन्ही पाळ्यांचे ऑपरेटर एकाच नावाने लॉगिन होतात आणि ते नाव बहुधा ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’च असतं. पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला असतो, किंवा प्लँटचं नाव आणि पुढे १२३. ज्या अटीमुळे गुण कमी झाले, ती अट तिथे पहिल्या पाळीपासूनच पूर्ण झालेली असते. वर चढायला शिडी लागतच नाही, सगळे आधीच माडीवर राहायला आलेले.

हे आळसामुळे होतं असं मी म्हणणार नाही. जुनी एचएमआय पॅकेजेस, म्हणजे ऑपरेटरच्या पडद्याची सॉफ्टवेअर, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असल्याशिवाय नीट चालायचीच नाहीत. कमिशनिंगला, म्हणजे यंत्रणा पहिल्यांदा चालू करून द्यायला, आलेला इंजिनिअर पोहे खाऊन कामाला बसायचा, सगळे हक्क खुले करायचा, लाइन चालू करून संध्याकाळच्या गाडीने परत जायचा. पुढे मेंटेनन्सवाल्याने काही बदलायचं म्हटलं, अगदी त्रुटी बुजवणारा पॅच टाकायचं, तर एएमसीवाला, म्हणजे वार्षिक देखभालीचा कंत्राटदार, बजावणार, ‘पॅच टाकलात तर आमची जबाबदारी नाही.’ वर शटडाउन मिळणार दिवाळीत. नाशिकचा माझा एक वर्गमित्र हेच रोज भोगतो, आणि त्याला मी इथून उपदेश करावा एवढा मी निर्लज्ज नाही.

आणि ही परंपरा काही आपल्या मातीतली नाही. २०१० मध्ये इराणच्या नातान्झ अणुकेंद्रातल्या युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूज बिघडवणारा स्टक्सनेट हा घातक प्रोग्राम उघडकीस आला. त्याने विंडोजमधली चार तोवर अज्ञात छिद्रं वापरली होती आणि त्यांतली दोन निव्वळ अधिकार वाढवण्यासाठी होती. शिवाय विनसीसीच्या डेटाबेसचा पासवर्ड कंपनीने सॉफ्टवेअरमध्येच कोरून ठेवलेला, तोही त्याने वापरला. बोभाटा झाल्यावर त्या जुलैत सीमेन्सने ग्राहकांना सल्ला दिला की तो पासवर्ड बदलू नका, प्लँटच्या कामात अडथळा येईल. म्हणजे नाशिकचा एएमसीवाला जे बोलतो, ते जर्मनीतूनही बोललं गेलं आहे. फक्त इथे लेटरहेड चांगलं असतं.

ग्रुपवरचे काही मित्र मला ‘तुमच्या जर्मनीत’ म्हणून टोमणे मारतात, काही तेच कौतुकाने म्हणतात. दोघांनाही सांगतो, इथेही विंडोज एक्सपीवर चालणारी मशिनं मी बघितली आहेत, आणि सामाईक लॉगिनही. २०१४ च्या अहवालात इथल्या बीएसआय या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने एका पोलाद कारखान्यावरचा हल्ला नोंदवला. सुरुवात फसव्या ईमेलने झाली, हल्लेखोर ऑफिसच्या नेटवर्कमधून उत्पादनाच्या नेटवर्कमध्ये सरकले, आणि शेवटी एक झोतभट्टी नीट बंद करता आली नाही. नुकसान मोठं झालं. कारखान्याचं नाव संस्थेने दिलं नाही, पण वाट कशी सापडली ते छापलं. त्यामुळे इथल्या मीटिंगांमध्ये लोक त्या वाटेबद्दल भांडतात. मला हेवा वाटतो तो या भांडणाचा. युरोपीय संघाच्या एनआयएस-२ या सायबर सुरक्षेच्या नियमांना कायद्याचं रूप द्यायची ऑक्टोबर २०२४ ची मुदत याच जर्मनीने चुकवली, तेव्हा बाकी फार भाळून जाण्यात अर्थ नाही.

नियम आपल्याकडेही आहेत. वीज क्षेत्रासाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, सायबर घटना सहा तासांत कळवायचा सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा २०२२ चा आदेश आहे. पण आपली पहिली प्रतिक्रिया ‘आमची यंत्रणा इंटरनेटला जोडलेलीच नाही’ ही असते. ऑक्टोबर २०१९ मध्ये तमिळनाडूतल्या कुडनकुलम अणुवीज केंद्रात मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्राम, शिरल्याची चर्चा झाली तेव्हा आधी हेच सांगितलं गेलं. दुसऱ्या दिवशी ते केंद्र चालवणाऱ्या एनपीसीआयएलने मान्य केलं की प्रशासकीय नेटवर्कवरच्या एका पीसीत मालवेअर होता. अणुभट्टीची यंत्रणा वेगळी होती हे खरंच, आणि बरंच झालं. पण नातान्झसुद्धा इंटरनेटला जोडलेलं नव्हतं. तोडलेली तार हे उत्तराचं एक टोक झालं. तारेच्या अलीकडे, आत बसलेल्याला किती हक्क आहेत, हे दुसरं.

‘मानवी चूक’वाल्यांसाठी अमेरिकेतलं एक उदाहरण आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये फ्लोरिडातल्या ओल्ड्समारच्या जलशुद्धीकरण केंद्रात पडद्यावर सोडियम हायड्रॉक्साइडचं, म्हणजे कॉस्टिक सोड्याचं, प्रमाण १०० वरून ११,१०० पीपीएम केलं गेलं. ऑपरेटरने ते लगेच पूर्ववत केलं. जगभर हॅकिंग म्हणून बातमी झाली. दोन वर्षांनी शहराच्या माजी व्यवस्थापकांनी सांगितलं की तो बहुधा कर्मचाऱ्याच्याच हातून झालेला प्रकार होता. असेल. हात बाहेरचा असो वा घरचा, त्या पडद्याने शंभरपटीहून मोठा आकडा निमूट कसा स्वीकारला? आणि रिमोट अ‍ॅक्सेससाठी सगळ्या संगणकांना एकच पासवर्ड का होता?

युरोपात याचा रोख आता विकणाऱ्याकडे वळतो आहे. सायबर रेझिलियन्स अ‍ॅक्टची मुख्य बंधनं ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. माल पहिल्यापासून सुरक्षित मांडणीत द्यायचा आणि आधाराच्या मुदतीत सुरक्षेचे पॅच पुरवायचे, ही जबाबदारी उत्पादकाची. तेच सॉफ्टवेअर महाराष्ट्रातही विकलं जातं. मग आपल्या टेंडरमध्ये तीन ओळी घालायला काय हरकत आहे? ऑपरेटरचं लॉगिन साध्या युजरच्या हक्कांवर चालवून दाखवा, मगच कमिशनिंगची सही. पॅच टाकल्याने एएमसी रद्द होणार नाही. प्रत्येक पाळीला वेगळं लॉगिन.

नाशिकच्या मित्राला हे पाठवलं तर तो म्हणाला, ‘एल-वनवाला दर वाढवेल.’ एल-वन म्हणजे टेंडरमध्ये सर्वांत कमी दर भरणारा. वाढवू दे. मित्राने मग एका जुन्या पॅकेजच्या पुरवठादाराला लेखी विचारलं की साध्या युजरवर हे चालतं का. महिना उलटला, उत्तर नाही. त्याने ते पत्र पुढच्या खरेदीच्या फाइलला जोडलं आहे.