मूल विसरत नाही, गप्प होतं

जून आला की आपल्याकडे अनेक घरांत हे घडतं. नोकरीमुळे गावी आजीकडे ठेवलेलं तीन-चार वर्षांचं मूल शाळेसाठी मुंबई-पुण्याला आणलं जातं. सगळे म्हणतात, "चार दिवस रडेल, मग विसरेल." हे वाक्य मला फार लागतं. आईबाबांचा नाइलाज मला कळतो. पण त्या मुलाचं सगळ्यात जवळचं माणूस एका रात्रीत सुटलं, याची घरात कुणी दखलही घेत नाही.

अटॅचमेंट थिअरी, म्हणजे मूल आणि त्याला सांभाळणारं माणूस यांच्यातल्या घट्ट नात्याचा सिद्धांत, मांडणारे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी लहानपणी दाईच्या अंगाखांद्यावर वाढले. ते चार वर्षांचे होत आले असताना ती काम सोडून गेली. अशी लळा लावलेली दाई जाणं हे मुलासाठी जवळजवळ आई गमावण्याइतकं मोठं असू शकतं, असं त्यांनी पुढे लिहिलं. आपल्याकडच्या आजीला तर हे जास्तच लागू पडतं.

बोल्बींच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी बाल्टिमोरमध्ये वर्षभराच्या बाळांचं निरीक्षण केलं. आई खोलीतून काही मिनिटं बाहेर जायची आणि परत यायची. काही बाळं तिच्याकडे बघायचीही नाहीत, खेळत राहायची. किती समजूतदार, असंच कुणालाही वाटेल. पण 1977 साली स्रूफ आणि वॉटर्स या संशोधकांनी अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा ते वाढलेले निघाले.

भांडण झालं की दोन दोन दिवस अबोला धरणाऱ्या नवऱ्याला, "मला कुणाची गरज नाही" म्हणणाऱ्या मैत्रिणीला आपण चटकन दगड ठरवतो. मला तिथे ते ठोके आठवतात. प्रत्येक अबोल्याचं मूळ बालपणातच असतं असं नाही. इन्स्टाग्रामवर दहा प्रश्न सोडवून "मी अव्हॉयडंट (जवळीक टाळणारा), मी असाच" म्हणणं तर मला मुळीच मान्य नाही. मानसशास्त्रज्ञ मेरी मेन यांनी 1980 च्या दशकात मोठ्या माणसांना त्यांचं बालपण विचारायला सुरुवात केली. काहींचं बालपण खडतर होतं, पण ते काही न लपवता, त्यात वाहून न जाता, सुसंगतपणे सांगू शकत होते. अशा लोकांची स्वतःची मुलं बऱ्याचदा निर्धास्त असलेली दिसली. म्हणून लग्न ठरताना पगार आणि पत्रिकेसोबत हेही बोलावं: लहानपणी तू कुणाजवळ झोपायचास? ते माणूस कधी सुटलं?

आणि या जूनमध्ये मूल घरी आणणार असाल, तर जमलं तर आजीलाही महिनाभर सोबत आणा. ती परत जाताना मुलाला झोपेत ठेवून गुपचूप पाठवू नका. त्याला तिचा निरोप घेऊ द्या, रडू द्या, आणि संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावून द्या.