मेगापिक्सेलवर कॅमेरा ठरत नाही

फोन कसा निवडावा यावरच्या लेखातलं ‘ब्रँडपेक्षा गरज पाहा’ हे पटलं. पण त्यातलाच ‘फोटोची हौस असेल तर जास्त मेगापिक्सेलचा फोन घ्या’ हा सल्ला चुकीचा आहे. कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारे २०० मेगापिक्सेलचे सेन्सरही एरवी १६-१६ पिक्सेल (ठिपके) एकत्र करून साधारण १२.५ मेगापिक्सेलचाच फोटो देतात. कमी उजेडात फोटो काढायचे असतील तर सेन्सरचा आकार बघा आणि ओआयएस ही फोटो स्थिर ठेवणारी सोय आहे का ते बघा. (ओआयएस आपला हललेला हात सावरतं, पळणारं पोर नाही!)

आणि सॉफ्टवेअरचे, सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार, याबद्दल लेखात अवाक्षर नाही. एकाच कंपनीच्या फोनांतही यात फरक असतो. सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ या महागड्या फोनला ७ वर्षं अपडेटचं आश्वासन दिलं, त्याच वेळच्या स्वस्त मॉडेलांना तेवढं नाही. फोनवरून बँकेचे व्यवहार करणाऱ्यांसाठी मला हे कॅमेऱ्याच्याही आधीचं वाटतं.